जकात नाक्याच्या वस्तीतील रुक्माबाई

जकात बंद झाली त्या दिवशी जळबा पाईकराव नाक्याचा बांबू खांद्यावर टाकून घरी आले. मालाच्या गाड्या अडवण्यासाठी रस्त्यावर आडवा पडणारा, एका टोकाला दगड बांधलेला तो बांबू कित्येक वर्षे त्यांनी वर-खाली केला होता. नगरपालिकेला आता त्याचे काम उरले नव्हते. त्यांच्या पत्नी रुक्माबाई, ज्या त्याच नगरपालिकेच्या सदस्य होत्या, दारात उभ्या होत्या.

"ह्येचं काय करता? वाळवण घालता का याच्यावर?"

"राहू दे. सरकारचा काय भरोसा? उद्या पुन्हा लागंल."

रुक्माबाईंना हसू आले नाही. भीती नेमकी कधी सुरू झाली असे मी विचारले, तेव्हा त्यांनी हाच दिवस सांगितला. मला तो थोडा अलीकडचा वाटतो. त्यांच्याच हकीकतीत भीतीच्या खुणा आधीपासून आहेत.

या गावाचे नाव मी देत नाही. ते हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि ज्यांनी मला बोलून सांगितले त्यांतले बहुतेक अजून तेथेच राहतात, एवढे पुरे.

नगरपालिकांचा इतिहास लिहिणारे बहुधा मुंबईसारख्या बंदराच्या शहरापासून सुरुवात करतात. आधी गोदी आणि व्यापार, मग कर, मग इंग्रजी अमलात कर भरणाऱ्यांनी मागून घेतलेला मताधिकार आणि शेवटी सभागृह, असा तो क्रम असतो. माझाही अभ्यास तेथूनच सुरू झाला. पण हा क्रम आमच्या मुलखाला लावून पाहिला की तो मोडतो. निजामी अमलात येथे आधी नाका आला. करोडगिरीचे, म्हणजे सरकारी जकातीचे, शिपाई रस्त्याच्या कडेला बसले. त्यांच्याभोवती हमाल, झाडलोट करणारे, गाडीच्या बैलांना पाणी दाखवणारे झोपड्या घालून राहिले. अंमल बदलला, नाका नगरपालिकेकडे आला, झोपड्यांची कुडाची घरे झाली. सभागृह मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि नाक्याच्या वस्तीतले माणूस त्यात जाऊन बसायला १९९६ ची निवडणूक उजाडावी लागली. त्या वर्षी वॉर्ड अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाला.

अध्यक्ष होऊ पाहणारे गृहस्थ जीप घेऊन वस्तीत आले. सारे गाव त्यांना भाऊ म्हणत असे, मीही तेच म्हणतो. रुक्माबाई तेव्हा शेण थापत होत्या.

"ताई, हात धुवा. फॉर्म भरायचाय."

"कशाचा? राशनचा?"

जीपमधली माणसे हसली. भाऊ हसले नाहीत. "राशन वाटणाराचा," ते म्हणाले.

रुक्माबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. सही करता येत होती, विषयपत्रिका वाचता येत होती, पण सभेत ती वाचेपर्यंत विषय संपलेला असे. सभागृहात मतदान हात वर करून होई. भाऊंनी त्यांना पहिल्याच सभेआधी एक सोपी रीत सांगून ठेवली. "मी चष्मा काढला की हात वर करायचा. डोळ्यावर असला की गुमान बसायचं." ही रीत भाऊंच्या गटातल्या सगळ्यांनाच लावलेली होती, फक्त बायकांना नव्हे. जवळजवळ तीन वर्षे चष्मा निघत राहिला आणि हात वर जात राहिले. रुक्माबाईंच्या शेजारी भागूबाई बसत. हद्दवाढीत गावात आलेल्या तांड्याच्या वॉर्डातून त्या निवडून आल्या होत्या, आणि त्यांचे तोंड कुणाला भीत नसे.

"भाऊला डोळे आले तर गावाचा कारभार बंद पडंल का गं?" असे त्या भर सभेत कुजबुजत.

१९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. त्याच वर्षी हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन जिल्हा झाली. गाव मिरवणुकीत होते. जकातीचे उत्पन्न बुडाल्यावर भाऊंनी तोड काढली, की नाक्याच्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचे आणि गाळे भाड्याने द्यायचे. जागा रस्त्याला लागून होती. तीवर माणसे राहत होती, ही बाब विषयपत्रिकेत "अतिक्रमणासह" या एका शब्दात बसवली होती.

त्या सभेत लिपिकाने विषय वाचला. भाऊंनी चष्मा काढला. हात वर गेले. त्यांत रुक्माबाईंचाही होता.

"हात खाली आल्यावर मला कळलं," त्या म्हणाल्या. "नाका हा शब्द मंग कानात आला. आधी हात गेला, मंग कान."

भागूबाईंनी तेथल्या तेथे त्यांचा पदर ओढला. "अगं, तुझं घर कुठं हाय?"

ठराव एकमताने मंजूर झाला होता. वस्तीत ही बातमी त्यांच्या आधी पोहोचली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. शेजारच्या म्हातारीने फक्त विचारले, "रुक्मे, आमी तुला मत कशापायी दिलं व्हतं?" त्यानंतर पाण्याच्या टाकीवर रुक्माबाई आल्या की बोलणे थांबू लागले. घरे पाडण्याच्या नोटिसा निघायच्या होत्या. पावसाळा सरल्यावर निघतील असे सांगत होते.

जळबा नाक्यावर रोजंदारीवर होते. नाका गेल्यावर भाऊंनी त्यांना पाणीपुरवठ्यात घेतले. मर्जी फिरली तर ते घरी बसणार होते. घर जाणार होते ते वेगळेच. म्हणजे बोलावे तर काम जाई, न बोलावे तर घर.

दिवाळीनंतर सभागृहात फाटाफूट झाली. उपाध्यक्षांनी भाऊंवर अविश्वासाचा ठराव आणला. कारणे देण्याघेण्याची होती, वस्तीचा त्यात संबंध नव्हता. तरीही उपाध्यक्षांकडून निरोप आला, की भाऊ पडले तर संकुलाचा ठराव रद्द करू. त्यांना एक हात कमी पडत होता. निरोप आणणाऱ्याला रुक्माबाईंनी चहा दिला, उत्तर दिले नाही. पण त्यांच्या मनात ते ठरले होते. जो हात सवयीने वर गेला होता, तो एकदा स्वतःच्या मनाने वर न्यायचा होता. वस्ती राहील की नाही हे त्या एका हातावर होते, निदान त्यांना तसे वाटत होते.

अशा वेळी आमच्याकडे जी चाल आहे ती कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. मतदानाआधी सदस्यांना सहलीला नेतात. विरुद्ध बाजूने फोडू नये म्हणून त्यांना मतदानाच्या दिवशीच परत आणतात. भर दुपारी भाऊंची जीप वस्तीत आली. हॉर्न दोनदा वाजला.

"ताई, चार लुगडी घ्या. माहूरला जाऊन येऊ."

"मी काहून माहूरला येऊ, भाऊ? आमच्यात देव न्हाईत."

"मग हवा खायला या. हवेला जात नसती."

जीपमधून हसण्याचा आवाज आला. भाऊंनी जळबांच्या खांद्यावर हात ठेवला. "जळबाची काळजी करू नका. आपली दोन पोरं हितंच बसतील, रातंदिवस." बोलण्याचा सूर मायेचा होता. भीतीचे वर्णन करताना रुक्माबाई नेहमी या हाताशी येऊन थांबत. माणूस रागावला की त्याला काय हवे ते आपल्याला कळते, मायेने बोलणाऱ्याचे कळत नाही, असे त्या म्हणत.

माहूर झाले, पुढे आणखी कुठे कुठे झाले. गावांची नावे त्यांना सांगितली गेली नाहीत. लॉजवर बायकांची खोली बाहेरून बंद होई. चोरांची भीती आहे, असे कारण देत.

"माहेरातबी आपल्याला एवढं कुणी जपलं न्हाई," भागूबाई म्हणत आणि दार आतून ठोकत. "ओ भीमसिंग! चहा तरी फटीतून सरकवा!"

भीमसिंग हे भाऊंच्या गटातले सदस्य, भागूबाईंच्याच तांड्यावरचे, रस्त्यांची कामे घेणारे. सहलीचा बंदोबस्त त्यांच्याकडे होता. ते फार बोलत नसत, आणि बोलले तर समोरच्याला बसायला जागा देऊन बोलत. रुक्माबाईंना त्यांचीच भीती अधिक वाटे. "भाऊ माझ्याकडं बघायचे, भीमसिंग माझ्या हाताकडं बघायचे."

परतताना जीप वारंगा फाट्यावर थांबली. रुक्माबाईंनी घरी फोन करू द्या म्हणून हट्ट धरला. वस्तीजवळच्या किराणा दुकानात फोन होता. तिथून जळबांना बोलावून आणले. एसटीडीच्या काचेच्या खोपट्यात रुक्माबाईंबरोबर भीमसिंगही उभे राहिले.

"कसं हाय?"

पलीकडून जळबा म्हणाले, "रुक्माबाई, समदं बराबर हाय."

एवढेच. पण लग्न झाल्यापासून जळबांनी त्यांना नावाने हाक मारलेली नव्हती. सपना, त्यांची लेक, जन्मल्यापासून त्या "सपनाची माय" होत्या, आणि त्याआधी नुसते "अगं". नवऱ्याने बायकोचे नाव घ्यायचे नाही, ही रीत जळबांनी परक्या माणसासमोर मोडली होती. त्यांच्या शेजारी कोणीतरी उभे आहे, आणि ते मुद्दाम तसे बोलले आहेत, हे रुक्माबाईंना कळले. फोन ठेवताना तो दोनदा खाली पडला.

"काय झालं, ताई?" भीमसिंगांनी विचारले.

"हात ओला हाय," त्या म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी जीप औंढ्याला आली. नागनाथाचे दर्शन घेऊन मंडळी भाऊंच्या एका ओळखीच्या घरी जमली. ओसरीवर पितळेचे ताट मांडले होते, त्यात बेलाची पाने आणि हळदीचा भंडारा. एकेकाने पुढे येऊन बेलभंडारा उचलायचा आणि "माझा हात भाऊसाठी" असे म्हणायचे होते. उचललेला बेलभंडारा मोडणाऱ्याचे वाटोळे होते, अशी समजूत आहे. एक सदस्य, एरवी सभेत टेबलावर मुठी आपटणारे, ताटासमोर आले तेव्हा त्यांचे ओठ कापत होते, असे भागूबाई सांगतात.

रुक्माबाई मात्र सहा-सात दिवसांत पहिल्यांदा निवांत झाल्या. त्यांच्या सासऱ्यांनी धम्मदीक्षेनंतर घरातले देव टोपलीत घालून कयाधू नदीत सोडले होते. त्यांच्या दृष्टीने बेल हा पाला होता आणि भंडारा ही स्वयंपाकातली हळद. उचलावा, म्हणावे, आणि सभेत जाऊन हात वर करावा, यात काही मोडत नव्हते. भाऊंना ते सुचले नव्हते. सगळ्यांना बांधणारी दोरी हिलाही बांधेल, असे त्यांनी धरले होते. रुक्माबाई त्याच चुकीच्या भरवशावर पुढे सरकल्या.

"थांबा," भीमसिंग म्हणाले. "रुक्माताईंना ह्यानं काय व्हतंय, भाऊ? ह्यांच्या घरात ह्यो देवच न्हाई. बाजारातून बाबासाहेबांचा फोटो आणा."

फोटो कुणी आणला याबद्दल दोन मते आहेत. भागूबाईंच्या मते ड्रायव्हरने, भीमसिंगांच्या मते यजमानाने. तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, काचेची चौकट होती, यावर दोघांचे एकमत आहे. रुक्माबाई स्वतः या फोटोविषयी मला कधीही बोलल्या नाहीत. त्यांच्या हकीकतीत त्या बेल उचलतात आणि थेट जीपमध्ये बसतात. पण एकमेकांशी धड न बोलणारी दोन माणसे हेच सांगतात, म्हणून मी ते खरे धरतो.

ताट बाजूला सारून फोटो मांडला गेला. नकार द्यावा तर त्यांना औंढ्यातच कोंडून ठेवले असते, हात वर करायला त्या सभागृहात पोहोचल्याच नसत्या. आणि वस्तीत, जळबांच्या शेजारी, अजून कोणीतरी उभे होते.

"म्हणा, ताई," भाऊ म्हणाले. "घाई न्हाई."

रुक्माबाईंनी काचेवर तळवा ठेवला. "माझा हात भाऊसाठी," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की भीमसिंगांनी पुन्हा म्हणायला लावले. त्यांनी पुन्हा म्हटले. हात काढला तेव्हा काचेवर ओला पंजा उमटून राहिला होता. तो वाळेपर्यंत भागूबाई त्याकडे पाहत होत्या. "मी मनात म्हटलं, गेली बिचारीची वस्ती. ही बाई ह्यो शब्द मोडणार न्हाई."

सभागृहात त्या दिवशी हिंगोलीहून आलेले अधिकारी अध्यक्षांच्या खुर्चीवर होते. भाऊ खाली, सदस्यांत बसले होते. दारात पोलीस, बाहेर दोन्ही बाजूंची माणसे. अधिकाऱ्यांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. त्यांत रुक्माबाईंचा होता.

त्याच सुमारास भाऊंनी चष्मा काढला होता. घाम आला म्हणून पुसायला काढला, असे ते पुढे सांगत. सभागृहात कुणीतरी फिसकन हसले. भीमसिंग अर्धवट उठून ओरडले, "ताई, खाली! हात खाली!" हात खाली आला नाही. अधिकाऱ्यांनी मोजणी केली. ठराव एका मताने संमत झाला.

इतिवृत्तात एवढेच आहे, की ठराव संमत. चष्म्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. पण गावाने ती गोष्ट त्याच संध्याकाळी पक्की केली. भाऊंनी चुकीच्या वेळी चष्मा काढला आणि वेंधळ्या बाईचा हात सवयीने वर गेला. आजही गावात हीच गोष्ट सांगतात, हसून सांगतात. भागूबाई तेवढ्या वेगळे सांगतात. त्या शेजारी बसल्या होत्या. "आधी हात गेला," त्या म्हणाल्या. "चष्मा मंग निघाला. मी डोळ्यानं पाह्यलं. पण मला कोण विचारतंय?"

त्या संध्याकाळी रुक्माबाई, जळबा आणि सपना दार लावून बसले होते. चूल पेटवली नव्हती. दाराशी बसलेली भाऊंची पोरे केव्हाच निघून गेली होती, आणि ती नसण्याचीच आता भीती वाटत होती. जळबांनी नाक्याचा बांबू आत आणून दाराला टेकवला. मग जीप आली. हॉर्न दोनदा वाजला.

रुक्माबाईंनीच दार उघडले. भाऊ एकटे उतरले होते. वस्तीतली माणसे आपापल्या दारात येऊन उभी राहिली होती. भाऊंनी ती पाहिली आणि मोठ्याने हसले.

"ताई, माझा चष्माच नडला की हो."

फितुरीने पडलो म्हणण्यापेक्षा चुकीने पडलो म्हणणे त्यांना सोयीचे होते, असा माझा अंदाज आहे. रुक्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. आपल्याला वाट दिली जात आहे, आणि ती फार वेळ उघडी राहणार नाही, हे त्यांना समजले.

"व्हय भाऊ," त्या म्हणाल्या. "चुकून गेला हात."

जीप वळून गेली. वस्तीत कुणीतरी म्हणाले, "येडी हाय, पण नशिबाची हाय." रुक्माबाईंनी ते ऐकून घेतले. पुढेही ऐकत राहिल्या.

नवे अध्यक्ष झालेल्या उपाध्यक्षांनी संकुलाचा विषय मागे टाकला. रुक्माबाईंचे आभार मात्र मानले नाहीत. चुकून आलेल्या मताचे आभार कसले? भाऊंनी लावलेली माणसे कमी करायची म्हणून जळबांनाही महिन्याभरात घरी बसवले. २००१ च्या निवडणुकीला रुक्माबाई उभ्या राहिल्या नाहीत. वस्ती आहे तेथेच आहे.

ती त्यांच्या हातामुळे राहिली का? मला खात्री देता येत नाही. जागेच्या नोंदीत अजून करोडगिरीचे जुने नाव आहे, नगरपालिकेचे नाही. संकुलाचा प्रस्ताव हिंगोलीला गेला असता तर तेथेच अडला असता, अशीही शक्यता आहे. अडला नसता, अशीही आहे. हे मी त्यांना सांगितलेले नाही.

२००६ साली मी त्यांच्याकडे शेवटचा गेलो तेव्हा रविवार होता, वस्तीच्या विहारात वंदना चालू होती. रुक्माबाई दाराजवळ, चपलांच्या कडेला बसल्या होत्या. सगळे पंचशील म्हणत होते. पहिली तीन शिले त्या इतरांबरोबर म्हणाल्या. चौथे आले, खोटे न बोलण्याचे. त्यांचे ओठ मिटले. पाचव्याला पुन्हा हलले. सपना शेजारीच होती. तिने आईकडे पाहिले नाही, म्हणजे तिला हे सवयीचे होते.

नंतर घरी चहा झाला. मी औंढ्याच्या फोटोविषयी विचारले. रुक्माबाई उठल्या आणि भर दिवसा दार लोटून आल्या. अंगणात नाक्याच्या बांबूवर कपडे वाळत होते, ते फटीतून दिसत होते.

"तुमी कागद पाहता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझा हात नसता तर वस्ती उठली असती ना?"

मी उत्तर जुळवत होतो. सपना म्हणाली, "उठली असती, माय. किती बार सांगू?"

"तुला न्हाई इचारलं."

तेवढ्यात रस्त्यावर कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. रुक्माबाईंचा उजवा हात पदराखाली गेला. गाडी पुढे निघून गेली, आवाज विरला, तरी त्या दाराकडेच पाहत राहिल्या.